माध्यमाचा प्रश्न : एका जुन्या वादाचा जगभरचा प्रवास

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस आले की शाळेच्या कार्यालयातील बाकावर एक प्रश्न हमखास येऊन बसतो. विचारणारे दरवर्षी बदलतात, प्रश्न बदलत नाही. "सर, मराठीत शिकवलं तर मूल पुढे मागे पडणार नाही ना?" मराठी मुलुखात हा प्रश्न विचारणाऱ्याला निदान रस्त्यावरच्या पाट्यांचा आधार असतो. आपल्या या शहरात तोही नाही. येथे बाजाराची भाषा वेगळी, राज्यकारभाराची वेगळी आणि नोकरीची तर तिसरीच. मराठी उरते ती घरात, गणेशोत्सवाच्या मंडपात आणि आपल्या शाळेत. त्यामुळे साठ वर्षांपूर्वी ही शाळा काढणाऱ्यांनाही हा प्रश्न विचारला गेला असणार, आणि त्यांनी तो स्वतःलाही विचारला असणार.

अध्यापक म्हणून मी त्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बरीच वर्षे बसलो. प्रामाणिकपणे सांगायचे तर या प्रश्नाला मी दिलेली उत्तरे बहुधा भावनेची होती. मातृभाषा म्हणजे आईचे दूध, वगैरे. समोरचे पालक आदराने मान डोलवीत आणि पुष्कळदा मुलाचे नाव दुसऱ्या शाळेत घालीत. निवृत्तीनंतर सवडीने या प्रश्नाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की पावणेदोनशे वर्षे तो जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत विचारला जात आहे. त्यावर प्रयोग झाले, मोजमापे झाली, कायदे झाले, आणि एकदा तर त्यावरून शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास माजी विद्यार्थ्यांना आणि आजच्या पालकांना सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात १८४७ पासून करतो. त्या एका वर्षी हा वाद दोन ठिकाणी, एकाची दुसऱ्याला खबर नसताना, कागदावर उतरला. त्यातले एक ठिकाण आपले मुंबई.

मुंबई इलाख्याच्या शिक्षणाचा कारभार तेव्हा 'बोर्ड ऑफ एज्युकेशन'कडे होता. अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी. उच्च ज्ञान द्यायचे ते इंग्रजीतूनच आणि आधी वरच्या वर्गाला, असा त्यांचा आग्रह. देशी भाषांत ना ग्रंथ आहेत ना शिक्षक, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यासमोर उभे राहिले कर्नल जॉर्ज जर्व्हिस. ते लष्करातले इंजिनिअर. १८२० च्या दशकात मुंबईतील इंजिनिअर इन्स्टिट्यूशनमध्ये मराठी आणि गुजरातीतून गणित व विज्ञान शिकवण्याचा खटाटोप त्यांनी स्वतः केला होता आणि युरोपीय गणिताची पुस्तके मराठीत आणली होती. देशी भाषेत हे ज्ञान मावणार नाही, असे सांगणाऱ्यांना ते दाखवून देणारा माणूस मंडळातच बसलेला होता! जर्व्हिस यांच्या बाजूला मंडळाचे तिन्ही हिंदी सभासद होते : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महमद इब्राहिम मकबा.

नाना शंकरशेटांनी १८४७ मध्ये आपले मत लिहून दिले. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पुढे या वादाची मांडणी 'इंग्रजी की मराठी' अशी होऊन बसली. ज्यांना वेळ आणि ऐपत आहे त्यांनी इंग्रजी जरूर शिकावी, परंतु पश्चिम हिंदुस्थानातील सर्वसामान्य लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान न्यायचे तर त्याचे वाहन देशी भाषाच, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रकरण सरकारपर्यंत गेले. सरकारने दिलेला निर्णय गुळमुळीत होता आणि पेरी यांनी आपले धोरण पुढे चालू ठेवले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शेवटी जी वाटणी केली तीच आपण आजवर वागवीत आहोत : खालच्या पायऱ्यांवर देशी भाषा, वरच्या पायऱ्यांवर इंग्रजी.

या वाटणीचा अर्थ सर्वांत आधी ओळखला तो पुण्यात. भिडेवाड्यातील मुलींची शाळा १८४८ ची. तेथील शिक्षण अर्थातच मराठीत होते. त्याच सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजी शिका असे सांगणारी कविता लिहिली, आणि तीही मराठीत. मला यात विसंगती दिसत नाही. मराठी हे ज्यांचे शिक्षणाचे दार होते, त्यांना आतले दुसरे दार कोणत्या भाषेत उघडते हे इतरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते. मातृभाषेचा कैवार घेणाऱ्या आम्हा मंडळींना ही बाजू पुष्कळदा सोईस्करपणे विसरायला होते.

१८४७ चे दुसरे ठिकाण म्हणजे वेल्स. ब्रिटिश सरकारने तेथील शाळांची पाहणी करण्यासाठी तीन आयुक्त पाठवले. तिघांपैकी एकालाही वेल्श भाषा येत नव्हती. त्यांच्या अहवालाच्या खंडांची वेष्टने निळी होती, आणि त्यात वेल्श भाषेला लोकांच्या प्रगतीतील अडथळा ठरवले होते, लोकांच्या नीतिमत्तेवरही शिंतोडे उडवले होते. वेल्श लोक त्या अहवालाला आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. त्या काळात तेथील अनेक शाळांत 'वेल्श नॉट' नावाची लाकडी पट्टी असे. वर्गात वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात ती अडकवायची, दुसरा कोणी वेल्श बोलताना सापडला की त्याच्या गळ्यात, आणि दिवसअखेर ती ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. परंतु ही प्रथा सरकारी हुकमाने आलेली नव्हती. ती स्थानिक शिक्षकांनी चालवली आणि पुष्कळ आईबापांची तिला मूक संमती होती. मुलाला इंग्रजी आली पाहिजे, एवढेच त्यांना हवे होते. आपल्या बाकावर येऊन बसणारा पालक तोच.

याच वेल्समध्ये पुढे १९२३ साली डी. जे. सेअर यांनी सुमारे १४०० मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या आणि ग्रामीण भागातील द्विभाषी मुले एकभाषी मुलांपेक्षा मागे पडतात असा निष्कर्ष काढला. शहरी मुलांत तसा फरक त्यांना दिसला नव्हता, पण ती तळटीप कोणी वाचली नाही. दोन भाषांनी मुलाचे डोके गोंधळते, ही समजूत विज्ञानाच्या शिक्क्यासह जगभर पसरली. ती मोडायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९६२ मध्ये माँट्रिअल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली आणि ती करताना कुटुंबांची आर्थिक स्थिती सारखी राहील याची काळजी घेतली. फ्रेंच व इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुले फक्त फ्रेंच येणाऱ्यांच्या मागे नव्हती, उलट पुढे होती. जुन्या अभ्यासांत गरिबीचा दोष भाषेच्या माथी मारला गेला होता. अर्थात या नव्या अभ्यासावरही आक्षेप आला, की दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले निवडताना हुशार मुलेच निवडली गेली असतील. तो आक्षेप अगदीच निराधार नाही.

त्याच शहराच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात १९६५ साली, म्हणजे आपली शाळा बाळसे धरत होती त्या सुमारास, इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आपल्या मुलांसाठी फ्रेंच माध्यमाचा बालवर्ग सुरू करवून घेतला. लॅम्बर्ट यांनी त्या मुलांचाही पाठपुरावा केला. मुले फ्रेंच उत्तम शिकली आणि इंग्रजीतही कोठे कमी पडली नाहीत. झाले! परक्या माध्यमात घातले तरी काही बिघडत नाही, असे म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला. आजही इंग्रजी शाळांच्या समर्थनार्थ असे दाखले दिले जातात. पण खुद्द लॅम्बर्ट यांनीच यातली मेख दाखवून दिली. इंग्रजी बोलणाऱ्या त्या मुलांची भाषा बलवान होती. घर, दूरचित्रवाणी, बाजार, पुढची नोकरी सर्वत्र ती होतीच. फ्रेंचमुळे त्यांच्याजवळ एक भाषा वाढली. ज्या मुलांची भाषा समाजात दुबळी आहे, त्यांना परक्या माध्यमात घातले तर नवी भाषा येते आणि जुनी हातातून निसटते. पहिली बेरजेची द्विभाषिकता, दुसरी वजाबाकीची. आपल्यासारख्या परप्रांतातील मराठी कुटुंबांना या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आजीशी मराठीत बोलणारे मूल आणि आजीचे बोलणे नुसते कळणारे मूल, हा फरक आपण एकाच घरातल्या दोन भावंडांत पाहिलेला आहे.

आता दुसरे एक साल, १९५३. त्या वर्षी पॅरिसहून युनेस्कोने एक अहवाल प्रसिद्ध केला. १९५१ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून तो तयार झाला होता. मुलाला शिकवण्याचे सर्वोत्तम माध्यम त्याची मातृभाषा, हे त्यात जवळजवळ स्वयंसिद्ध तत्त्व म्हणून मांडले होते. त्या सुमारास फिलिपाइन्सच्या इलोइलो प्रांतात एक प्रयोग चालू होता. शिक्षणाधिकारी होसे आगिलार यांनी १९४८ पासून काही शाळांत पहिली दोन वर्षे हिलिगायनॉन या स्थानिक भाषेतून शिकवायला सुरुवात केली. इतर शाळा पहिल्या दिवसापासून इंग्रजीत. दोन वर्षांनंतर वाचन, गणित आणि सामाजिक अभ्यास यांत स्थानिक भाषेची मुले स्पष्टपणे पुढे होती. युनेस्कोच्या म्हणण्याला असे प्रत्यक्ष पाठबळ मिळत होते.

आणि त्याच १९५३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने बांटू शिक्षण कायदा संमत केला. कृष्णवर्णीय मुलांनी प्राथमिक शाळेची आठही वर्षे आपापल्या मातृभाषेत शिकावे, अशी व्यवस्था त्यातून आली. कागदावर पाहिले तर युनेस्कोच्या तज्ज्ञांना हवे होते तेच. हेतू मात्र उलटा होता. या खात्याचे मंत्री हेंड्रिक फेर्वूर्ट यांनी तो लपवलाही नाही. काही ठरावीक प्रकारच्या श्रमांपलीकडे गोऱ्या समाजात काळ्या माणसाला जागा नाही, तेव्हा त्याला त्यापलीकडचे शिक्षण कशाला, असा त्यांचा सवाल होता. मातृभाषा येथे भिंत म्हणून वापरली गेली. झुलू मुलाने झुलूत शिकायचे, सोथो मुलाने सोथोत, आणि दोघांनीही इंग्रजीच्या दारापाशी पोचायचे नाही.

या इतिहासापाशी मी सर्वांत अधिक वेळ थांबलो. तोवर माझी समजूत अशी होती की मातृभाषेतील शिक्षण ही गोष्ट मुळातच चांगली, तिच्याविरुद्ध बोलणारा एकतर अजाण किंवा इंग्रजीने दिपलेला. १९५३ चे हे दोन कागद शेजारी ठेवले की ती समजूत टिकत नाही. एकाच माध्यमाची शाळा एका ठिकाणी मुलाला वर नेते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला डांबून ठेवते. माध्यमाबरोबरच त्या शाळेतून पुढे कोठे जाता येते हे पाहावे लागते.

दक्षिण आफ्रिकेतील पुढची हकिकत सर्वांना थोडीफार ठाऊक आहे. १९७४ मध्ये सरकारने फर्मावले की कृष्णवर्णीयांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवावेत. गणितही त्यात आले. आफ्रिकान्स ही सत्ताधाऱ्यांची भाषा. ती ना मुलांना येत होती, ना बहुतेक शिक्षकांना. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील हजारो विद्यार्थी शांतपणे मोर्चा घेऊन निघाले आणि पोलिसांनी गोळीबार केला. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला हातांवर उचलून धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र जगभर छापले गेले. माध्यमाच्या प्रश्नावर मुलांनी प्राण दिल्याचे ते उदाहरण. त्यानंतर तेथे मातृभाषेची वर्षे कमी झाली आणि पालक इंग्रजीकडे वळले. त्यांना दोष कोण देणार? ज्या मातृभाषेच्या नावाने त्यांना अडवले गेले, तिच्याविषयी त्यांच्या मनात किंतु राहिला तर ते स्वाभाविकच होते.

तरीही संशोधनाने तेथे एक वेगळी गोष्ट दाखवली. २०१६ मध्ये स्टीफन टेलर आणि मरिसा फॉन फिंटेल या अभ्यासकांनी दक्षिण आफ्रिकेतील शाळांची अनेक वर्षांची माहिती तपासली. ज्या शाळांनी पहिल्या तीन इयत्तांचे माध्यम मध्येच बदलले, त्या एकाच शाळेतील आधीची आणि नंतरची मुले ताडून पाहता येत होती. त्यामुळे श्रीमंत शाळा आणि गरीब शाळा यांतील फरक आड येत नव्हता. मातृभाषेत पहिली तीन वर्षे शिकलेल्या मुलांची इंग्रजी चौथी, पाचवी आणि सहावीत अधिक चांगली निघाली. गणित नव्हे, इंग्रजी! २०२५ पासून तेथे चौथीतही गणित व विज्ञान मातृभाषेच्या आधाराने शिकवण्याची योजना सुरू झाली आहे.

हाच निष्कर्ष पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नायजेरियात निघाला होता. या सबंध इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटलेला प्रयोग तोच. इफे विद्यापीठातील प्राध्यापक बाब्स फाफुन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये मोडाकेके येथील एका साध्या प्राथमिक शाळेत तो सुरू केला. तेथील शाळांत पहिली तीन वर्षे योरुबा आणि मग इंग्रजी असा रिवाज होता. फाफुन्वांनी प्रयोगाच्या वर्गांत सहाही वर्षे योरुबा ठेवली. हे सांगायला सोपे, करायला महाकठीण. सहावीपर्यंतचे विज्ञान योरुबात शिकवायचे तर पुस्तके कोठे होती? ती लिहावी लागली. संज्ञा बनवाव्या लागल्या. शिक्षकांना नव्याने शिकवावे लागले. जर्व्हिस आणि त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी मुंबईत जी मेहनत दीडशे वर्षांपूर्वी केली, तीच आफ्रिकेत पुन्हा झाली.

या योजनेतला दुसरा भाग लोक सांगायचा विसरतात. इंग्रजी तेथे माध्यम नव्हती, पण विषय होती, आणि तो विषय शिकवण्यासाठी खास इंग्रजीचा जाणकार शिक्षक नेमला होता. इतर विषयांचे शिक्षक आपापल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलांना धडे देण्याच्या जाचातून सुटले, आणि मुलांच्या कानांवर इंग्रजी पडली ती चांगली पडली. सहा वर्षांनंतर योरुबा माध्यमाची मुले इतर विषयांत पुढे होतीच, इंग्रजीतही ती मागे नव्हती, उलट सरस होती. टीकाकारांनी विचारले, यातले श्रेय भाषेचे किती, नव्या पुस्तकांचे किती, आणि त्या इंग्रजीच्या शिक्षकाचे किती? प्रश्न रास्त आहे. पण शाळा चालवणाऱ्या माणसाला हे तिन्ही घटक एकत्रच हवे असतात.

फाफुन्वा पुढे नायजेरियाचे शिक्षणमंत्री झाले. तरीही त्यांच्या प्रयोगाची देशव्यापी अंमलबजावणी झाली नाही. २०२२ मध्ये नायजेरियाच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने सहाही प्राथमिक वर्षे मातृभाषेत शिकवण्याचे धोरण मंजूर केले खरे, पण पुस्तकांची आणि शिक्षकांची तयारी झालेली नव्हती, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारने ते मागे घेऊन इंग्रजीलाच पुन्हा माध्यम केले. इलोइलोचा देश असलेल्या फिलिपाइन्सनेही २०१३ मध्ये मातृभाषेचे माध्यम कायद्याने सक्तीचे केले आणि २०२४ मध्ये ती सक्ती उठवली. ज्या दोन देशांनी हा प्रयोग सर्वांत आधी आणि सर्वांत नीट केला, त्याच दोघांनी वर्षभराच्या अंतराने माघार घ्यावी, याला काय म्हणावे? धोरण मंजूर करणे एका दिवसाचे काम असते, सहावीचे विज्ञान योरुबात लिहिणे वर्षानुवर्षांचे.

हाँगकाँगची हकिकत मात्र पालकांच्या मनाविषयी अधिक सांगून जाते. १९९७ मध्ये ब्रिटिश गेले आणि १९९८ पासून बहुतेक माध्यमिक शाळांनी चिनी भाषेतून शिकवावे असे ठरले. ११४ शाळांना इंग्रजी ठेवण्याची मुभा मिळाली. हर्बर्ट मार्श, हौ किट-ताई आणि काँग चिट-क्वाँग यांनी ५६ शाळांतील बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची प्रगती पाहिली. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांचे इतिहास, भूगोल आणि विज्ञान या विषयांत मोठे नुकसान झालेले दिसले, इंग्रजी भाषेत थोडा लाभ झाला. हे निष्कर्ष छापले गेले, त्यांवर चर्चा झाली. पालकांनी काय केले? त्या ११४ शाळांत प्रवेशासाठी रांगा लावल्या. मुभा मिळालेली शाळा म्हणजे उत्तम शाळा, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. २०१० मध्ये सरकारला नियम सैल करावे लागले.

संशोधन सर्वत्र एकमुखाने बोलते असेही नाही, आणि पालकांपुढे ते तसे मांडणे मला अप्रामाणिक वाटते. अमेरिकेत रॉबर्ट स्लेव्हिन यांच्या गटाने स्पॅनिश घरांतील मुलांवर एक काटेकोर अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुले दोन प्रकारच्या वर्गांत वाटली, एक आधी स्पॅनिशमधून शिकवणारा आणि दुसरा थेट इंग्रजीतून. पहिलीत स्पॅनिश वर्गाची मुले इंग्रजीत मागे होती. चौथीपर्यंत दोन्ही गट बरोबरीला आले. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि शिकवण्याचा दर्जा माध्यमापेक्षा अधिक महत्त्वाचा असावा असे त्या अभ्यासकांनी म्हटले. मातृभाषेचे काही समर्थक हा अभ्यास टाळतात. मला तो धीर देणारा वाटतो. मातृभाषेत सुरुवात केल्याने चौथीत मूल मागे राहत नाही, आणि त्याची स्पॅनिश शिल्लक राहते, हे त्यात स्पष्ट आहे.

दुसऱ्या टोकाला जागतिक बँकेचा २०२१ चा अंदाज आहे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील सुमारे ३७ टक्के विद्यार्थ्यांना त्यांना उत्तम समजणाऱ्या भाषेत शिकवले जात नाही, असे तो सांगतो. अशा वर्गांत काय घडते हे पाहायला आकडे लागत नाहीत. मुले फळ्यावरचे उतरवून घेतात, बाई म्हणतील ते एका सुरात म्हणतात, आणि कोणीही प्रश्न विचारत नाही.

आपल्या देशाने परप्रांतातील भाषिक गटांची काळजी कायद्यात घेतली आहे. राज्यपुनर्रचनेबरोबर १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. आपल्यासारख्या शाळा त्या कलमाच्या सावलीत उभ्या राहिल्या. पुढे कर्नाटक सरकारने १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथी मातृभाषा किंवा कन्नड माध्यम बंधनकारक केले. त्यावरचा खटला वीस वर्षे चालला आणि मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की राज्याला अशी सक्ती करता येणार नाही. मुलाची मातृभाषा कोणती हे आईवडील ठरवतील, आणि माध्यम निवडण्याचा हक्कही त्यांचाच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेचा पुरस्कार केला आहे, पण जेथे शक्य असेल तेथे, असे म्हणून. म्हणजे अहवाल, कायदे, निकाल या सर्वांची प्रदक्षिणा करून प्रश्न पुन्हा कार्यालयातल्या त्याच बाकावर येऊन बसला.

जाता जाता वेल्सचा धागा पुरा करतो. १९३९ मध्ये अॅबरिस्टविथ या गावात इफान अब ओवेन एडवर्ड्स यांनी वेल्श माध्यमाची एक छोटी खासगी शाळा काढली. मुले सात. १९४७ मध्ये, निळ्या पुस्तकांना बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, लानेली येथे स्थानिक प्रशासनाने स्वतःची पहिली वेल्श माध्यमाची शाळा उघडली. आज तेथील वेल्श शाळांतली पुष्कळ मुले इंग्रजी बोलणाऱ्या घरांतून येतात. आईवडिलांना वेल्श येत नाही, मुलांना ती शाळेत मिळते. आपल्या शाळेच्या बालवर्गातही गेली काही वर्षे अशी मुले दिसू लागली आहेत, ज्यांच्या आजोबांची मराठी घरात कोणाला पुरती येत नाही.

मागच्या जूनमध्ये काही कामासाठी शाळेत गेलो होतो. बाकावर आपलीच एक माजी विद्यार्थिनी मुलीला घेऊन बसली होती. आता जुना प्रश्न येणार म्हणून मी मनातल्या मनात इफे आणि इलोइलोची जुळवाजुळव करू लागलो. तिने काउंटरवर वाकून विचारले, "इंग्रजी कोण शिकवतं सध्या?" लिपिकांनी बाईंचे नाव सांगितले आणि तिसरीवर त्यांचा तास आत्ताच चालू आहे असेही सांगितले. मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन ती मुलीचा हात धरून जिना चढली आणि तो पुरा तास मागच्या बाकावर बसून होती.